द्वैभाषिक आंतरराष्ट्रीय शाळेत प्रवेश घेताना नेमके काय पाहावे?

बाणेरकर पालक

नमस्कार. आमची मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. घरी आम्ही मराठी बोलतो, आजी-आजोबा कोथरूडला असल्यामुळे सुट्टीचे दिवसही मराठीतच जातात. सोसायटीच्या बागेत मात्र मुले हिंदी आणि इंग्रजीची सरमिसळ करून खेळतात आणि मुलीचे बोलणेही हळूहळू त्याच वळणावर जाऊ लागले आहे. तिला इंग्रजी उत्तम यावे अशी आमची मनापासून इच्छा आहे. परंतु मराठी तिने केवळ बोलावी आणि वाचण्या-लिहिण्याच्या वेळी अडखळावे, हे आम्हा दोघांनाही मान्य नाही. वर्तमानपत्रातील एखादा लेख वाचून त्यावर आपले मत चार परिच्छेदांत मांडता येईल, इतकी मराठी तिला यावी असे वाटते.

याच कारणाने आम्ही बाणेर, सूस, भूगाव आणि हिंजवडी या पट्ट्यातील, स्वतःला द्वैभाषिक म्हणवणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळा पाहिल्या आणि शेवटी दोन नावांवर येऊन थांबलो. पहिली शाळा मोठी आहे. तिची इमारत, मैदान आणि ग्रंथालय पाहून कोणालाही समाधान वाटेल. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, या संस्थेचा प्राथमिक कार्यक्रम तिथे राबवला जाईल असे सांगितले जाते. मात्र पहिलीच्या वेळापत्रकात आठवड्याला मराठीच्या चार तासिका आहेत आणि उरलेले सर्व शिक्षण इंग्रजीतून आहे. दुसरी शाळा लहान आणि तुलनेने नवी आहे. तिथे परिसर अभ्यास, कला आणि गोष्टींचा तास मराठीतून होतो, गणित इंग्रजीतून होते आणि दुसरीपर्यंत प्रत्येक वर्गात दोन शिक्षिका असतात. शुल्कही कमी आहे; पण कोणत्याही आंतरराष्ट्रीय मंडळाशी ती अद्याप जोडलेली नाही.

माझ्या नोकरीत पुढेमागे परदेशी बदली होण्याची शक्यता आहे, त्यामुळे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचा विचार आम्ही सहज सोडून देऊ शकत नाही. ज्यांनी या वाटेने मुलांना नेले आहे, किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. कोणत्या शाळेत जावे हे मी विचारत नाही. शाळा खरोखर दोन भाषांतून शिकवते की नाही, हे पालकाने कसे ओळखावे, एवढे समजून घ्यायचे आहे.

पेठेतील शिक्षिका

मी प्राथमिक शाळेत अनेक वर्षे शिकवले आणि निवृत्तीनंतर शिक्षक प्रशिक्षणाच्या निमित्ताने अशा काही शाळांमध्ये जाणे होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपण वेळापत्रक पाहिलेत, हे अगदी योग्य केलेत. मराठी हा विषय शिकवणे आणि मराठीतून एखादा विषय शिकवणे या दोन्हींचा परिणाम फार वेगळा होतो. आठवड्याच्या चार तासिकांत मूल मुळाक्षरे, कविता आणि प्रश्नोत्तरे शिकते. परंतु प्रयोग, तुलना, कारणे, मोजमाप, नकाशा यांची भाषा त्याला मराठीत कधीच मिळत नाही. चौथीपर्यंत हा फरक जाणवत नाही. पाचवी-सहावीत मात्र असे मूल मराठीत गप्पा उत्तम मारते आणि एखादी कल्पना समजावून सांगायची वेळ आली की इंग्रजीकडे वळते.

दोन भाषांतून शिकवण्याचीही रीत असते आणि ती सर्वच शाळांना साधलेली नाही. एका शाळेत दुसरीच्या वर्गात पाण्यावरचा पाठ मी मागे बसून पाहिला. मराठीच्या बाईंनी विजेच्या शेगडीवर पातेल्यात पाणी तापवले आणि वर स्टीलची ताटली धरली. ताटलीच्या खालच्या बाजूला थेंब जमल्यावर एक मुलगा म्हणाला, "बाई, ताटलीला घाम आला." बाईंनी ते वाक्य फळ्यावर जसेच्या तसे लिहिले, थेंब कुठून आले असतील हे मुलांकडूनच काढून घेतले आणि मग वाफ, बाष्प, थंड होणे हे शब्द त्याखाली मांडले. दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या शिक्षिकेने तोच पाठ इंग्रजीत पुन्हा शिकवला नाही. तिने मुलांना त्या ताटलीचे चित्र काढायला लावले आणि काल काय झाले ते इंग्रजीत सांगायला लावले. विचार आदल्या दिवशीच तयार झालेला असल्यामुळे मुलांना आता फक्त नवे शब्द हवे होते आणि ते त्यांनी भराभर उचलले.

याउलट काही शाळांत प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत आणि लगेच मराठीत किंवा हिंदीत सांगण्याची पद्धत असते. वरवर पाहता ती मुलांच्या सोयीची वाटते. प्रत्यक्षात मूल आपल्या सोयीच्या भाषेची वाट पाहत बसते आणि दुसऱ्या भाषेकडे लक्ष देणे सोडून देते. म्हणून वर्ग बघण्याची परवानगी मिळाली, तर शिक्षिका एकच गोष्ट दोनदा सांगते का, की दोन भाषांना दोन वेगवेगळी कामे दिलेली आहेत, हे आवर्जून पाहावे.

गणिताबद्दल एक गोष्ट सांगते. मराठीत बत्तीस, त्रेपन्न, अडुसष्ट म्हणताना एकक आधी येतो आणि दशक नंतर. इंग्रजीत वीसच्या पुढे नेमके उलट असते. शिवाय एकोणतीस, एकोणसाठ यांत पुढच्या दशकातून एक वजा करायचा असतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी संख्यावाचनाची पद्धत दिली गेली, तेव्हा केवढा वाद झाला होता हे अनेकांना आठवत असेल. त्या बदलाच्या बाजूने असो वा विरोधात, अडचण मात्र खरी आहे. गणित इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला मराठी अंकनावे घरीच द्यावी लागतात. भाजी घेताना, बसचे तिकीट काढताना, वाढदिवसाची तारीख सांगताना ती मुद्दाम मराठीत म्हटली, तर वर्षभरात बसतात.

औंधची आई

माझा मुलगा आयबीच्या प्राथमिक कार्यक्रमाच्या शाळेत चौथीत आहे, त्यामुळे आतून जे पाहिले ते लिहिते.

हा कार्यक्रम ३ ते १२ वयोगटासाठी आहे आणि तो १९९७ मध्ये सुरू झाला. वर्षभरात मुले सहा मोठ्या सूत्रांभोवती चौकशी करत शिकतात, विषयांच्या भिंती कमी असतात आणि पाठ्यपुस्तकाला फारसे स्थान नसते. माझ्या मुलाला प्रश्न विचारण्याची, माहिती शोधून मांडण्याची जी सवय लागली आहे, तिचे श्रेय मी निःसंकोचपणे या पद्धतीला देते. भाषेबाबत आयबीची अपेक्षा अशी आहे की, उशिरात उशिरा वयाच्या सातव्या वर्षापासून प्रत्येक मुलाला एकाहून अधिक भाषा शिकण्याची संधी मिळावी. प्रत्येक शाळेने आपले लिखित भाषाधोरण ठेवणेही अपेक्षित असते. बाणेरकर, आपण त्या शाळेकडे हे भाषाधोरण मागून घ्यावे. त्यात मुलांच्या घरच्या भाषांसाठी शाळा काय करते हे लिहिलेले असते, आणि जे लिहिले आहे ते वर्गात दिसते का, हे तपासायला तो कागद फार उपयोगी पडतो.

आमच्याकडे प्रत्यक्षात काय घडले तेही सांगायला हवे. मुलगा दुसरीत असताना मराठीच्या शिक्षिका सोडून गेल्या आणि संपूर्ण सत्रभर त्यांच्या जागी कोणी आले नाही. त्या तासांना मुलांना रंगकाम दिले जात असे. आम्ही काही पालकांनी पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा विषय लेखी मांडला आणि राज्याच्या २०२० च्या कायद्याचा उल्लेख केला. त्या कायद्यानुसार महाराष्ट्रातील सर्व शाळांमध्ये, मग त्या कोणत्याही मंडळाच्या असोत, मराठी शिकवणे अनिवार्य आहे. २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि पालन न करणाऱ्या व्यवस्थापनास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पत्र दिल्यानंतर पुढच्या सत्राच्या आधी शिक्षिका आल्या. म्हणून शाळा निवडताना मराठी शिकवणाऱ्या शिक्षिका पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, आणि त्या किती वर्षांपासून आहेत, हे मी आज सर्वांत आधी विचारले असते.

कर्वेनगरचा वाचक

वरील चर्चा वाचून मनात एक प्रश्न आला तो नम्रपणे मांडतो. मराठी खोलवर यावी आणि इंग्रजीही उत्तम यावी हेच उद्दिष्ट असेल, तर पुण्यातील चांगल्या मराठी माध्यमाच्या किंवा सेमी-इंग्रजी शाळांचा विचार यादीतच का नाही? सेनापती बापट रस्त्यावरील अक्षरनंदन ही शाळा १९९२ पासून मराठीतून शिकवत आली आहे. बालभारतीनेही २०२२-२३ पासून पहिलीसाठी एकात्मिक द्वैभाषिक पाठ्यपुस्तके आणली, ज्यांत मराठी संकल्पनांसोबत इंग्रजी शब्द आणि सोपी वाक्ये दिलेली आहेत. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा तर आंतरराष्ट्रीय दर्जाची शाळा म्हणून राज्यभर गाजली आणि ती मराठी शाळाच होती. अशा शाळांसाठी राज्याने काढलेले आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ पुढे बंद झाले, याचे मला आजही वाईट वाटते. कारण आंतरराष्ट्रीय दर्जा आणि मराठी माध्यम या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे सरकारी पातळीवर मान्य होण्याची ती एक मोठी संधी होती.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावे, असेच म्हटले आहे.

बाणेरकर पालक

कर्वेनगरचा वाचक, आपला प्रश्न रास्त आहे आणि आमच्या घरातही तो अनेकदा निघाला. आम्ही दोघेही मराठी माध्यमातून शिकलो आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. अडचण आहे ती बदलीची. तिसरी-चौथीत असताना परदेशी जावे लागले आणि तिथे इंग्रजी माध्यमाची शाळा मिळाली, तर तिच्यावर एकदम मोठा भार पडेल अशी भीती वाटते. ही भीती कितपत खरी आहे, हे भाषाशिक्षणाचा अभ्यास असलेल्या कोणी सांगितल्यास फार बरे होईल.

भाषाभ्यासक

या विषयावर बरेच संशोधन झालेले आहे. त्यातील दोन गोष्टी इथे उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट कॅनडातील आहे. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट येथे इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवण्यास सुरुवात झाली. पालकांच्याच आग्रहातून हा वर्ग सुरू झाला होता आणि मॅकगिल विद्यापीठातील वॉलेस लॅम्बर्ट यांनी त्याचा अभ्यास केला. इंग्रजी हा विषय मुलांना काही वर्षांनी सुरू केला गेला, तरीही प्राथमिक शिक्षण संपेपर्यंत त्यांची इंग्रजी इतर मुलांच्या बरोबरीची होती आणि वर फ्रेंच आलेली होती. या प्रयोगाचा दाखला इंग्रजी माध्यमाच्या शाळा पालकांना नेहमी देतात: मुलाला दुसऱ्या भाषेत टाका, घरची भाषा कुठे जात नाही. परंतु इथे एक महत्त्वाचा भेद नजरेआड होतो. त्या मुलांची घरची भाषा ही समाजात वरचढ असलेली भाषा होती. दुकान, दूरदर्शन, नोकरी, सगळीकडे ती त्यांना भेटतच होती. पुण्यात वरचढ भाषा इंग्रजी आहे आणि घरची मराठी. त्यामुळे सेंट लॅम्बर्टचा धडा पुण्याला लावायचा असेल, तर तो उलट बाजूने लावावा लागेल: शाळेने जास्त वेळ मराठीला द्यावा, कारण इंग्रजीला आधार द्यायला सगळे शहर उभे आहे. लॅम्बर्ट यांनीच पुढे जो फरक दाखवला, की काही परिस्थितींत दुसरी भाषा पहिलीत भर घालते आणि काही परिस्थितींत तिची जागा घेते, तो आपल्या मुलांना तंतोतंत लागू पडतो.

दुसरी गोष्ट आपल्या भीतीशी थेट जोडलेली आहे. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. कॅनडात आलेल्या स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून असे दिसले की, संभाषणाची सफाई साधारण दोन वर्षांत येते, तर अभ्यासाच्या भाषेत स्थानिक मुलांची बरोबरी करायला पाच ते सात वर्षे लागतात. याचा अर्थ बदली झाल्यास मुलीला सुरुवातीला त्रास होईल, हे खरे. मात्र कमिन्स यांचे म्हणणे असेही आहे की, एका भाषेत पक्क्या झालेल्या वाचनाच्या आणि विचाराच्या क्षमता दुसऱ्या भाषेत उतरतात. परिच्छेदाचा गाभा ओळखणे, कारण आणि परिणाम वेगळे करणे हे मराठीत आलेले मूल इंग्रजीत ते पुन्हा शिकत नाही. इंग्रजीची रोजची ओळख असलेली आणि मराठीत उत्तम वाचणारी मुलगी ही बदलीसाठी कमकुवत तयारीची मुलगी आहे, असे मी म्हणणार नाही.

बर्लिनस्थ पुणेकर

माझे मूल बर्लिनमधील राज्य युरोपा-शाळांपैकी एका शाळेत जाते. ही व्यवस्था १९९२ पासून आहे, शाळा सार्वजनिक आहेत आणि शिकवणी शुल्क नाही. जर्मनसोबत एक जोडीदार भाषा असते: इंग्रजी, फ्रेंच, तुर्की, पोलिश अशा नऊ भाषांच्या शाखा आहेत. वर्गात साधारण निम्मी मुले जर्मन घरांतली आणि निम्मी जोडीदार भाषेच्या घरांतली असावीत, अशी रचना आहे. गणित सामान्यतः जर्मनमधून आणि परिसर, पुढे इतिहास-भूगोल, जोडीदार भाषेतून होतो. लिहा-वाचायला मूल आधी आपल्या भाषेत शिकते.

मला यातील सर्वांत परिणामकारक गोष्ट वाटली ती वर्गातील मुलांची निम्मी-निम्मी वाटणी. शिक्षिका कितीही चांगली असली, तरी मधल्या सुट्टीत मुले जी भाषा बोलतात तीच खरी टिकते. त्यामुळे बाणेरकरांनी शाळेला हेही विचारावे की, वर्गातील किती मुलांच्या घरी मराठी बोलली जाते. पुण्याच्या पश्चिम भागातील काही वर्गांत हा आकडा फारच लहान असू शकतो आणि तसे असेल तर वेळापत्रकातील मराठी तासांवरच सगळा भार येईल.

पेठेतील शिक्षिका

बर्लिनकरांचे म्हणणे पटले, तरी एक पुस्ती जोडते. वर्गात मराठी घरांतील मुले कमी असली, म्हणून ती शाळा बाद ठरत नाही. तमिळ, बंगाली, मारवाडी घरांतील मुलांनाही परिसर अभ्यास मराठीतून शिकताना मी पाहिले आहे आणि चांगल्या शिक्षिकेच्या हाताखाली ती मुले तिसरीपर्यंत उत्तम मराठी बोलू लागतात. त्या वर्गात मराठी मुलांना आपली भाषा दुसऱ्याला शिकवण्याचा मान मिळतो आणि त्याचा मुलांवर फार चांगला परिणाम होतो. मधल्या सुट्टीत मराठी बोलल्याबद्दल मुलांना टोकले जाते का, एवढे मात्र जरूर पाहावे. जिथे टोकले जाते, तिथे वेळापत्रकात काहीही लिहिलेले असले तरी मूल काय शिकायचे ते शिकते.

शिवाजीनगरचा वकील

शैक्षणिक बाजू इतरांनी मांडलीच आहे, मी कायद्याची बाजू सांगतो.

बाणेरकरांनी पहिल्या शाळेबद्दल लिहिताना "राबवला जाईल" असा शब्दप्रयोग केला आहे, त्याकडे लक्ष वेधतो. आयबीची मान्यता मिळण्याआधी शाळा 'उमेदवार शाळा' असते. उमेदवारी म्हणजे मान्यता नव्हे, आणि उमेदवार शाळेला मान्यता मिळेलच असेही नसते. मान्यताप्राप्त शाळांची यादी आयबीच्या संकेतस्थळावर शोधता येते. कोणत्या कार्यक्रमाला मान्यता आहे हेही तिथे दिसते. एखाद्या शाळेला फक्त प्राथमिक कार्यक्रमाची मान्यता असते, तर पौडजवळच्या महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेजसारख्या ठिकाणी केवळ शेवटच्या दोन वर्षांचा पदविका कार्यक्रम असतो. माहितीपत्रकातील चिन्ह पाहून निष्कर्ष काढू नये.

शुल्काबाबत महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे आणि तो भारतीय वा परदेशी मंडळाशी संलग्न खाजगी शाळांनाही लागू आहे. व्यवस्थापनाने शुल्काचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो आणि ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षांसाठी असते. प्रवेश घेण्यापूर्वी मंजूर शुल्काचा तपशील लेखी मागावा: शिकवणी शुल्क, सत्र शुल्क, वाहतूक, भोजन, आणि परत मिळणारी ठेव असल्यास ती कोणत्या अटींवर परत मिळते. तोंडी आश्वासनावर विसंबून मोठी रक्कम भरू नये.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १३ प्रवेशासाठी देणगी घेण्यास आणि मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेण्यास मनाई करते. देणगी घेतल्यास घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. चाळणीसाठी पहिल्या वेळी २५,००० रुपये आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. अल्पसंख्याक संस्थांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर हा कायदा लागू होत नाही. घरी इंग्रजी बोलता का, असे विचारून त्यावर प्रवेश ठरवणारी शाळा आपल्याला भेटली, तर हे कलम लक्षात ठेवावे.

औंधची आई

दहावी-बारावीच्या संदर्भात एक भर घालते, कारण पहिलीच्या वेळी हा विचार दूरचा वाटतो. आयबीच्या पदविकेला आणि केंब्रिजच्या परीक्षांना भारतीय विद्यापीठ संघाकडून समकक्षता मिळते. पण विषयांची निवड चुकली तर पुढे अडते. वैद्यकीय प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. शिवाय आयबीचा वेग आणि नीट किंवा जेईईची तयारी यांचा मेळ घालणे मुलांना जड जाते, असे वरच्या वर्गांतील पालक सांगतात. मुलीला पुढे काय करायचे आहे हे आज कोणी सांगू शकत नाही, म्हणून आठवीच्या सुमारास वाट बदलता येईल इतकी मोकळीक ठेवणारी शाळा बरी.

आणि अंतर. बाणेरहून भूगावला जायचे तर चांदणी चौकातील सकाळची गर्दी गृहीत धरावीच लागते. सहा वर्षांच्या मुलीचा दीड तास रोज बसमध्ये जात असेल, तर घरच्या मराठी वाचनासाठी तिच्यात त्राण उरत नाही.

बाणेरकर पालक

सर्वांचे मनापासून आभार. आपण सुचवलेले प्रश्न घेऊन आम्ही दोन्ही शाळांत पुन्हा जाऊन आलो.

मोठ्या शाळेने भाषाधोरण लगेच दाखवले आणि ते वाचण्यासारखे आहे. घरच्या भाषेला मान देण्याविषयी त्यात चांगली विधाने आहेत. मात्र ग्रंथालयात मराठी पुस्तके विचारल्यावर आम्हाला शेवटच्या कपाटातील खालचा एक खण दाखवण्यात आला; त्यातील बरीच पुस्तके मोठ्या वर्गांच्या पाठ्यपुस्तकांच्या जुन्या प्रती होत्या आणि चित्रांची, पहिलीच्या मुलाने स्वतः उचलून वाचावीत अशी पुस्तके जवळजवळ नव्हतीच. मराठीच्या शिक्षिका तासिका तत्त्वावर आहेत. मान्यतेबाबत विचारले तेव्हा शाळा सध्या उमेदवार असल्याचे प्रवेश कक्षाने स्पष्टपणे मान्य केले.

लहान शाळेत आम्हाला पहिलीच्या वर्गात मागे बसू दिले. त्या दिवशी पालेभाज्यांचा पाठ होता. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी, पालक, चाकवत, अंबाडी मांडलेली होती आणि मुले पाने तोडून वास घेत, जाड-पातळ, गुळगुळीत-खरखरीत अशी वाटणी करत होती. एका मुलीने चाकवत ओळखली म्हणून तिला सगळ्यांना ती कशी करतात हे सांगण्याची संधी मिळाली. ती घरी तेलुगू बोलते, असे बाईंनी नंतर सांगितले. इंग्रजीच्या शिक्षिका शेजारी बसून नोंदी घेत होत्या आणि त्याच पानांवरून त्यांचा दुसऱ्या दिवशीचा तास होणार होता. पेठेतील शिक्षिका यांनी वर जे वर्णन केले होते, ते डोळ्यांसमोर घडताना पाहून आम्हा दोघांना फार आनंद झाला.

उणिवा आहेत. मैदान लहान आहे, पाचवीच्या पुढचे वर्ग अजून सुरू व्हायचे आहेत आणि दोन शिक्षिकांचा खर्च शाळेला किती काळ पेलवेल याची मला काळजी वाटते. मुख्याध्यापिकांना मी तसे विचारले. त्यांनी पुढील दोन वर्षांचे शिक्षक-नियोजन दाखवले, त्यापुढचे वचन दिले नाही. त्यांचा तो प्रामाणिकपणा मला आवडला. आम्ही लहान शाळेचा अर्ज भरत आहोत. भाषाभ्यासकांनी म्हटल्याप्रमाणे मराठीचा पाया पक्का झाला आणि इंग्रजीची रोजची ओळख राहिली, तर बदलीच्या वेळी ती सावरेल, असा विश्वास आता वाटतो. शाळा नवी असल्यामुळे आणखी काही तपासायला हवे असेल तर कृपया सांगावे.

शिवाजीनगरचा वकील

नव्या शाळेबाबत राज्य शासनाची मान्यता सर्वांत आधी तपासावी. मान्यतेविना शाळा चालवणे हा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार दंडनीय गुन्हा आहे आणि अशी शाळा बंद झाली, तर मुलांना मध्येच दुसरीकडे जावे लागते. शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतील शाळेचा ओळख क्रमांक, आहे का, तो त्याच नावाने आणि त्याच पत्त्यावर नोंदलेला आहे का, आणि मान्यता कितव्या इयत्तेपर्यंत आहे, हे लेखी घ्यावे. पाचवीपुढचे वर्ग सुरू करण्यासाठी शाळेने अर्ज केला असल्यास त्याची प्रत दाखवण्याची विनंती करावी. वयाच्या अटीत अडचण येऊ नये; राज्यात पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणे पुरेसे धरले जाते. मात्र पुढे दुसऱ्या मंडळात किंवा परदेशात जायचे झाल्यास तिथली तारीख वेगळी असू शकते, म्हणून मुलीचा जन्मदाखला आणि आधार कार्डावरील नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी जुळते का, हे प्रवेशाच्या आधीच पाहून घ्यावे. शाळेच्या नोंदवहीत एकदा लागलेले नाव नंतर बदलून घेणे फार वेळखाऊ असते.

बाणेरकर पालक

यू-डायस क्रमांक अर्जावर छापलेला आहे, तो आज रात्रीच पडताळून पाहतो. जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टवर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे, हे आपण लिहिल्यावर लक्षात आले. सोमवारी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन त्याची चौकशी करतो आणि काय कागदपत्रे लागली ते इथेच लिहितो.